खंडेनवमीला झोपलेली यंत्रं

निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी कानातला तो आवाज काही गेलेला नाही. दुपारी जेवून जरा आडवी झाले, डोळा लागायला आला की एक घुमारा सुरू होतो. आमचे हे म्हणतात, कानाच्या डॉक्टरला दाखव. कशाला दाखवू? मला आवडतो तो. विश्रामबागेतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती. लोखंडी मांडणीत एकावर एक सर्व्हर रचलेले, आणि त्यांच्या पंख्यांचा हा घुमारा. बाहेर मे महिन्यात सांगली भाजून निघायची आणि मी आत शाल पांघरून बसलेली असायची. कागदावर माझा हुद्दा लांबलचक होता, पण खरं सांगायचं तर मी त्या खोलीची राखणदार होते.

फलटणच्या माझ्या आत्याला हे काम काही केल्या पटायचं नाही. ती विचारायची, "पोरांचं समदं ढगात ठिवतीस म्हणं. ढगात म्हंजी नेमकं कुठं गं?"

मी तिला सांगायची, ढगबिग काही नसतं आत्या, खाली जमिनीवरच यंत्रं असतात. समज, एक धिप्पाड माणूस झोपलाय आणि त्याला स्वप्न पडलंय की आपण दहा माणसं आहोत. त्या दहांतल्या प्रत्येकाला वाटतं आपणच खरे. आमचं एकेक यंत्र असंच दहा-दहा यंत्रांचं स्वप्न बघत असतं. पोरांना आम्ही त्या स्वप्नातली यंत्रं वापरायला देतो.

"आन् त्यो झोपल्याला मेला म्हंजी?"

मग त्याचं स्वप्न शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांत अलगद सरकवायचं. कुणी किती स्वप्नं बघायची, कुठलं कुठं सरकवायचं, हे बघणारी एक व्यवस्था असते. तिला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो.

"आन् समदीच मेली म्हंजी?"

मी हसले होते. सगळी एकदम कशी मरतील, आत्या, असं म्हणाले होते.

खोलीत येणारी गिऱ्हाइकंही एकेक नमुना असायची. स्थापत्य विभागाचे एक सर दर सोमवारी नवं यंत्र मागायचे आणि शुक्रवारपर्यंत विसरून जायचे. त्यांची बेवारस यंत्रं मी महिन्याच्या शेवटी झाडून काढायची. स्वप्नातसुद्धा अडगळ करणारी माणसं असतात. तासगावचा एक विद्यार्थी द्राक्षाच्या पानांचे फोटो घेऊन यायचा, यंत्राला रोग ओळखायला शिकवायचा आणि निघताना मांडणीला नमस्कार करून जायचा. मी कधी त्याला हटकलं नाही.

सुरुवातीला आमचा प्लॅटफॉर्म एका कंपनीचा होता. छान होता, खोटं कशाला बोलू. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं गिळली आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी पडद्यावर आलं की तुमची परवानगी संपली. यंत्रं आमची, वीज आमची, आत ठेवलेलं पोरांचं सगळं आमचं, आणि किल्ली त्यांच्याकडे. फोनवरची मुलगी इतकी गोड बोलायची की तिच्यावर चिडताही यायचं नाही. तुमची तक्रार नोंदवली आहे, म्हणायची. मी त्या बंद दारासमोर बसून राहायची. धडधाकट यंत्रं नुसती घुमत होती आणि मी त्यांना हात लावू शकत नव्हते. इतका अपमान मला आयुष्यात कशानं वाटला नाही.

माझे सासरे हळदीच्या पेठेत अडत दुकानात होते. त्यांच्या उमेदीत सौदे रुमालाखाली व्हायचे. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली बोटं दाबायचे, भाव ठरायचा, शेतकरी नुसता तोंडाकडे बघत उभा. नंतर भाव उघड पुकारायला लागले. घरी बसून मी त्यांना कंपनीचं रामायण सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझंबी रुमालाखालचंच हाय की." मला तेवढं पुरलं. पुढचं वर्ष मी ओपन सोर्स प्लॅटफॉर्म शिकण्यात घातलं. ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रोग्रॅमचं सगळं लिखाण उघड्यावर असतं. कुणीही वाचावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. जगभरची माणसं ते मिळून लिहितात, आणि बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

प्राचार्यांना काही ते रुचेना. "फुकटचं आहे म्हणता. मग बिघडलं तर मानगूट कुणाची धरायची?"

"माझी धरा," मी म्हणाले. तेव्हा तरुण नव्हते, तरी जिभेला हाड नव्हतं.

तर अशी आमची ती खोली उभी राहिली. कृष्णेचं पाणी सांगलीत कधी घरात शिरेल याचा नेम नाही, म्हणून तशीच एक छोटी खोली आमच्या संस्थेच्या कोरेगावच्या कॉलेजात केली. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन इथं, एक कोरेगावला. पूर, आग, वीज पडणं, उंदीर, सगळ्याचा विचार केला होता. रात्री झोपताना मला वाटायचं, आता या पोरांच्या वस्तूंना कुणी धक्का लावू शकत नाही.

याच सुमाराला वसंततात्या माझ्या आयुष्यात आले. कुस्तीच्या मैदानात लाऊडस्पीकरवरून बोलणारा निवेदक असतो ना, ते तात्या. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत जत्रांच्या दिवसांत त्यांच्या आवाजाशिवाय मैदान व्हायचं नाही. पैलवानाचं गाव, तालीम, वस्ताद, आजोबानं मारलेली कुस्ती, सगळं तोंडपाठ. दोन कुस्त्यांच्या मधे तर ते असं काही बोलायचे की लोक पाणी प्यायलाही उठायचे नाहीत. घरीही तसंच. त्यांची मुलगी रूपाली आमच्याच कॉलेजात शिकवायची. ती म्हणायची, "मॅडम, आमच्या घरात दुसऱ्या कुणाला वाक्य पुरं करायची सवयच नाही."

तंबाखूनं घात केला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तात्या म्हणे पहिल्यांदाच गप्प बसले.

रूपालीनं ऑपरेशनच्या आधी त्यांना आमच्या स्टुडिओत आणलं. माणसाचा पुरेसा आवाज मुद्रित असला, तर संगणकाला तो शिकवता येतो. मग नुसतं टाइप करायचं, आणि यंत्र त्या माणसाच्या आवाजात बोलतं. त्यासाठी लागणारं सामानही ओपन सोर्स होतं आणि यंत्रं माझ्या खोलीतली. तात्यांना पहिले दोन दिवस वर्तमानपत्र वाचायला लावलं. शाळेतल्या पोरागत एका सुरात वाचायचे. मग रूपालीनं त्यांच्यासमोर माइक धरून सांगितलं, तात्या, समोर मैदान आहे, शेवटची कुस्ती आहे, चला. आणि तो माणूस डोळे मिटून उभा राहिला. काचेच्या बंद खोलीत त्यांनी हवेतली कुस्ती लावली, सोडवली, पुन्हा लावली, रागावले, हसले, पोराला हरवलेल्या चपलेसाठी आईकडे पाठवलं, बायकोला चहा मागितला. मी काचेबाहेर उभी होते. मला त्या रिकाम्या भिंतीपुढं फेटे दिसायला लागले होते.

ऑपरेशन झालं. यंत्राचं शिकणं पुरं व्हायचं होतं, तोवर तात्यांच्या गळ्यात पाटी आली. ते लिहायचे, पुसायचे. रूपालीच्या लॅपटॉपवरही त्या मुद्रणाची एक प्रत होती. पाणी सांडून तो लॅपटॉप गेला, पण तिला काळजी वाटली नाही. तात्या माझ्या खोलीत होते, तीन प्रतींत.

आणि मग खंडेनवमी आली.

सकाळी मी घरी तोरणाला झेंडू ओवत होते. कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आला. आमच्या खोलीतली मांडणी. प्रत्येक सर्व्हरला हळदीकुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूची माळ, खाली उदबत्ती. फार सुंदर दिसत होतं. मी कौतुकानं फोटो मोठा करून बघितला, आणि माझ्या लक्षात आलं की एकाही यंत्राचा हिरवा दिवा लागलेला नाही.

तशीच स्कूटर काढली. दारात दगडूमामा प्रसाद घेऊन उभे. मामांची सगळी नोकरी वर्कशॉपात लेथ यंत्राजवळ गेलेली, त्याच वर्षी बदलून माझ्या खोलीवर आलेले. वर्कशॉपात खंडेनवमीला यंत्र पुसून, पुजून दिवसभर बंद ठेवतात. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा.

"मामा, बंद कुणी केली?"

"मीच केली की म्याडम. एकेक करून, शिस्तीत. लेथ बंद ठिवतो का न्हाई आपण? मग ही बी यंत्रंच हायत की. येवढी वर्षं चालत्यात, यांना कुनी इसावाच दिल्याला न्हाई."

"बरं, कोरेगावची तरी चालू आहेत."

मामांचा चेहरा अभिमानानं फुलला. "न्हाई न्हाई. तितं माझा मेव्हना हाय न्हवं? त्याला फोन करून सांगितलं, बाबा, आज सन हाय, इसरू नगंस. त्यानं बी केली."

दोन गावं, तीन प्रती, पूर, आग, वीज, उंदीर. आणि एकाच मुहूर्तावर सगळी झोपवलेली. मामांवर ओरडणार होते, पण त्यांच्या हातातला प्रसाद घेतला. त्यांनी काय चुकीचं केलं होतं? माझ्या त्या यंत्रांना विसाव्याची गरज असेल असं मला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

बटणं दाबली. पंखे घुमू लागले, पाकळ्या उडाल्या, दिवे लागले. पण आतलं काहीच दिसेना. त्याचं कारण सांगते. तीन प्रतींतली खरी कुठली हे ठरवायला तीन यंत्रं पंच म्हणून नेमलेली असतात. निदान दोघांचं एकमत झाल्याशिवाय ते कुणालाही दार उघडत नाहीत. आणि एकमेकांचं घड्याळ जुळत नसेल तर पंच एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत. यंत्रात घड्याळासाठी एक छोटा सेल असतो. वर्षानुवर्षं यंत्रं बंदच झाली नव्हती, त्यामुळे सेल कधी मेले ते कळलंच नव्हतं. आता जागी झाली तर एकाला वाटत होतं अजून आपल्या जन्माचंच साल आहे, दुसऱ्याला भलतंच. इतकी वर्षं त्यांच्या दृष्टीनं गेलीच नव्हती. मला क्षणभर त्यांचा हेवा वाटला.

रूपाली धावत आली. मागोमाग तात्या, गळ्यात पाटी. मी म्हणाले, "आहे सगळं आत, फक्त दार उघडत नाहीये." हे तिला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. बाकी पोरांचे प्रकल्प पुन्हा करता आले असते. तात्यांचा आवाज पुन्हा आणायचा तर तो गळाच आता नव्हता.

घड्याळं हातानं लावली. कोरेगावचं यंत्र मामांच्या मेव्हण्यानं फोनवरून माझ्या सांगण्याप्रमाणे लावलं. इंग्रजी अक्षरं तो एकेक करून वाचायचा, आणि प्रत्येक अक्षरानंतर "बरोबर हाय न्हवं?" विचारायचा. पंचांचं एकमत झालं. पण प्रती ज्यांच्यात होत्या ती साठवणीची यंत्रं एकेक करून उठायची आणि पुन्हा बंद पडून कोसळायची. उठायची आणि कोसळायची.

तात्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर शांत बसले होते. थोड्या वेळानं पाटी माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, "मैदान भरल्यावानी आवाज हाय हितं." मी बघितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्या घुमाऱ्यात ते कुठल्या जत्रेत जाऊन बसले होते कुणास ठाऊक. मग मलाही तसंच ऐकू यायला लागलं. आत कुठेतरी हजारो माणसं थांबलीत, आणि बोलणारा अजून उठलेला नाही.

कंपनीचा प्लॅटफॉर्म असता तर मी त्या गोड मुलीला फोन केला असता. सणाची सुट्टी आहे, असं तिनं सांगितलं असतं. इथं मी प्रोग्रॅमच उघडला आणि जिथं यंत्र कोसळत होतं ती ओळ शोधून काढली. ओळ सापडली, पण उपाय कळेना. मग जगभरची माणसं जिथं एकमेकांना प्रश्न विचारतात तिथं सगळं लिहून टाकलं. रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी एका बाईचं उत्तर होतं. कुठल्या तरी थंड देशातली, ना ओळख ना पाळख. तिनं आधी विचारलं होतं, सगळी यंत्रं एकदम बंद झालीच कशी?

मी खरं ते लिहिलं. आमच्याकडे वर्षातून एक दिवस हत्यारांची आणि यंत्रांची पूजा करतात आणि त्यांना विसावा देतात.

मला वाटलं, हसली असणार. मग तिचं उत्तर आलं. तुमची आवृत्ती जुनी आहे, त्यात ही चूक आहे, कुणीतरी ती मागेच दुरुस्त केली आहे, ती दुरुस्ती ही अशी घाला आणि एका वेळी एकच यंत्र उठवा. खाली आणखी एक ओळ होती. पूजेची कल्पना आवडली, मी आज माझ्या यंत्राजवळ फूल ठेवणार आहे.

दसऱ्याच्या दुपारी शेवटचं यंत्र उभं राहिलं. रूपालीनं एक फाइल उघडली. "थांबाऽऽ, कुनी उठू नका, अजून कुस्ती संपल्याली न्हाई," तात्यांचा आवाज खोलीभर घुमला. दगडूमामांनी डोक्यावरची टोपी काढली. रूपाली भिंतीला टेकून रडायला लागली, आणि मीही. तात्या एकटेच मान तिरकी करून ऐकत होते. मग पाटीवर लिहिलं, "ह्यो लय बोलतो."

पुसलं, पुन्हा लिहिलं. "त्या बाईला काय द्याचं?"

"काही नाही द्यायचं, तात्या. तिनं काही मागण्यासाठी केलंच नाही. ज्यानं ती दुरुस्ती लिहिली त्यालाही ती ओळखत नाही."

तात्यांनी पाटी पुसून लिहिलं, "म्हंजी इर्जिक हाय म्हना की."

इर्जिक म्हणजे, गावातले सगळे आपापली बैलं घेऊन एकाच्या रानात उतरतात आणि दिवसभरात त्याचं रान नांगरून देतात. त्यानं फक्त जेवण घालायचं, आणि दुसऱ्याच्या इर्जिकीला आपली बैलं न्यायची. मी म्हणाले, हो, तसंच.

पाटीवर अक्षरं उमटली. "मग माजी बैलं कवा न्यायाची?"

आम्हाला कळेना. मग त्यांनी स्वतःच्या गळ्याकडे बोट केलं, आणि सर्व्हरकडे. लिहिलं, "मिरजंच्या वार्डात लय जन हायत मुकी. ह्यो द्या त्यास्नी."

रूपाली उसळली. "तात्या, तुमचा आवाज आहे तो. उद्या कुणी त्या आवाजात फोन करून लोकांना फसवलं म्हणजे?" ती म्हणत होती ते खरं होतं. आयुष्यभर मी उघड्या रुमालाची बाजू घेतली होती, पण माणसाचा गळा उघड्यावर ठेवा म्हणायला माझी जीभ रेटेना. दिवाळी उलटून गेली तरी बापलेकीत धुसफूस चालूच होती. शेवटी तोडगा निघाला. आवाज मिरजेच्या डॉक्टरांकडे ठेवायचा, आणि ज्यांचं स्वरयंत्र गेलंय त्यांना डॉक्टरांनी ओळख पटल्यावर तो द्यायचा. शिव्या काढून टाकायच्या अशी रूपालीची अट होती. तात्यांनी पाटीवर लिहिलं, "त्याबिगार मानूस बोलंल कसा." शिव्या राहिल्या.

मीही माझी बैलं नेली. इतकी वर्षं लोकांचं लिहिलेलं नुसतं वापरलं, स्वतः काही दिलं नाही, याची खंत मला होतीच. मग त्या प्लॅटफॉर्मच्या जगभर वाचल्या जाणाऱ्या माहितीत एक परिच्छेद लिहून पाठवला. सणाच्या दिवशी सगळी यंत्रं एकदम बंद होण्याची शक्यता असेल तर आधी घड्याळाचे सेल तपासा, असा. तो स्वीकारला गेला. आमच्या घरात पदव्या पुष्कळ आहेत, पण मला त्या परिच्छेदाचा अभिमान जास्त आहे.

निवृत्तीनंतर मी एकदा तात्या आणि रूपालीबरोबर मिरजेला तपासणीसाठी गेले होते. बाहेर बाकावर गर्दी. तात्यांनी आता पाटी सोडली होती. फोनवर टाइप करायचे आणि फोन त्यांच्या आवाजात बोलायचा. शेजारी जतकडचा एक म्हातारा येऊन बसला, त्याच्याही गळ्याला तात्यांसारखाच, ऑपरेशनचं भोक झाकणारा रुमाल. तात्यांनी फोनवरून त्याला गाव विचारलं. म्हाताऱ्यानं आपला फोन काढला, सावकाश टाइप केलं, आणि तात्यांच्याच आवाजात उत्तर आलं. वाक्याच्या शेवटी कानडी वळण, कारण शब्द त्याचे होते.

रूपालीनं माझा हात घट्ट धरला.

दोघं बोलत राहिले. कुठल्याशा जुन्या मैदानावरून वाद लागला. तात्या म्हणाले, कुस्ती बरोबरीत सुटली. म्हातारा म्हणाला, चितपट झाली, मी मातीला लागून बसलो होतो, तू मचाणावर होतास, तुला काय दिसणार. तोच आवाज इकडून विचारायचा आणि तोच तिकडून खोडून काढायचा. नर्स दारात येऊन थांबली. बाकावरची माणसं डावीउजवीकडे बघायला लागली. म्हातारा पेटला होता, भराभरा टाइप करत होता. त्याचं गाव, त्याची तालीम, त्या दिवशीची धूळ, सगळं फोनमधून येत होतं. किती महिने त्याच्या आत साठलं होतं कोण जाणे. रूपाली डोळे मिटून म्हणाली, "मॅडम, असं ऐकलं की कळतच नाही यातले तात्या कुठले."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी उत्तर टाइप करायला घेतलं होतं. अर्ध्यावर थांबले, लिहिलेलं पुसून टाकलं, फोन खिशात घातला, आणि म्हाताऱ्याचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकत बसले.